बेदिर काराहानच्या नावाचा लोकमा

तोंडातला घास अर्धा गिळून झाला, तेव्हा कुठे मुहसिनमास्तरांची नजर पाटीवर गेली. लोकमा, म्हणजे गेलेल्याच्या नावानं रस्त्यावर वाटलं जाणारं गोड तळण, कुणाच्या नावाचा आहे हे रांगेत उभं राहताना विचारायचं नसतं, असं त्यांच्या आईनं लहानपणी शिकवलं होतं. कढई दिसली की मुकाट्यानं रांगेच्या शेवटी जायचं, पाकातल्या वळ्यांचा कागदी द्रोण हातात पडला की गेलेल्यासाठी फातिहा म्हणायची आणि मग खायचं. गेलेला श्रीमंत होता की भिकारी, भला होता की कसा, हा हिशेब वरचा. आज शुक्रवार. दुपारच्या नमाजाहून परतताना एश्रेफपाशा वस्तीच्या चढावर, शिंप्याच्या दुकानापाशी लोकम्याची गाडी लागलेली त्यांना दिसली आणि पाय आपोआप तिकडे वळले. रांग फार लांब होती. एवढी माणसं आली म्हणजे कुणीतरी मोठ्या मनाचा माणूस गेला असणार, असं वाटून त्यांनी डोळे मिटून फातिहा म्हटली, एरवीपेक्षा जरा सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मग गरम वळी दातांखाली कुरकुरली, पाक जिभेवर सांडला, आणि दालचिनीच्या मागून दुसरीच एक चव हळूच वर आली. लवंग. लोकम्यावरच्या दालचिनीत लवंग कुणी घालत नाही. जीभ कुठल्याशा जुन्या जागी जाऊन चाचपडू लागली. ती जागा सापडायच्या आत मास्तरांनी मान वर केली. पाटीवर काळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: मरहूम बेदिर काराहान यांच्या आत्म्याला शांती लाभो.

आधी त्यांना वाटलं, याच नावाचा दुसरा कुणी असेल. काराहान आडनावाची माणसं काही कमी नाहीत. बँकेतला एखादा निवृत्त कारकून, मागे दोन मुली. बिचाऱ्याला गेली तीन वर्षं या नावापायी किती थट्टा सोसावी लागली असेल. हा बँकेतला बेदिर त्यांनी क्षणभर मनात उभाही केला, त्याला चष्मा दिला, त्याच्याविषयी त्यांना खरोखर वाईटही वाटलं. तेवढ्यात रिफ्की न्हावी शेजारी आला.

“काय मास्तर, तुम्हीपण? अहो, मग एवढीशीच का? दादाच्या नावानं आणखी दोन वळ्या घ्या.”

“कोण दादा?”

“असं काय करता! बेदिरदादा. काल गेला ना. पाठीत घातली हो गोळी. समोरून यायची कुणाची छाती होती?”

भाजीची पिशवी कडेवर मुलासारखी घेतलेली एक बाई मागून म्हणाली, “छातीबितीचं काही नाही. पगार वाढवून मागत होता, म्हणून मारला. माझ्या भाचीनं वाचलंय.”

“ताई, पगार मागणारा तो नट. तो जिवंत आहे. सकाळीच जाहिरातीत दात दाखवत होता.”

“मग मी वेगळं काय म्हणते? नट आहे, बेदिर गेला. नट गेला असता तर मी आले असते का रांगेत?”

“आणि दफन कुठे केलं म्हणे?”

“पुढच्या गुरुवारी करतील. जाहिराती संपल्यावर.”

लोक हसले. पण हसताना एकानंही द्रोण खाली ठेवला नाही, आणि पुढे उभा असलेला एक म्हातारा तर हसलाही नाही. तो तळवे उघडून डोळे मिटून ओठ हलवत होता आणि त्याची पांढरी मिशी ओली झाली होती. मास्तर त्या मिशीकडे पाहत राहिले. कालच्या संध्याकाळी स्वतःच्या घरात, टीव्हीसमोर, स्वतःच्या कोचावर, त्यांचीही मिशी अशीच ओली झाली होती. त्यांनी रुमाल काढून “डोळ्यांत थेंब घातलेत, चुरचुरतंय,” असं कुणी न विचारता सांगितलं होतं. दारापाशच्या खुर्चीत त्यांची भावजय पेरिहान बसली होती. ती संत्रं सोलत होती. सालीची एकच लांब पट्टी तिच्या गुडघ्यावरून खाली लोंबत होती.

पेरिहान. जिभेला जागा सापडली. दालचिनी कुटताना ती खलात लवंग टाकते, नेहमी, आणि लोकांच्या पुड्यांना भुसा म्हणते.

मास्तर कढईजवळ गेले. लोकमावाला झाऱ्यानं वळ्या उलटत होता. “हा कुणी सांगितला?” त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

“एक बाई आल्या होत्या. नाव घेऊ नका म्हणाल्या, तेव्हा मला विचारू नका. सोमवारीच सांगून गेल्या.”

“सोमवारी तर तो जिवंत होता.”

लोकमावाला हसला. “अहो मास्तर, महिनाभर पेपरात येतंय की तो मरणार. तुम्ही काय नुसती पुस्तकंच वाचता? बाई मात्र हुशार हं. दालचिनीसुद्धा घरून घेऊन आल्या. तुमची म्हणजे भुसा, म्हणाल्या. आमच्या तोंडावर!”

द्रोणात वळ्या उरल्या होत्या. त्या तशाच रुमालात गुंडाळून मास्तर चढ चढू लागले. पाक झिरपून तळव्याला चिकट लागत होता. पायांना कुठे जायचं ते ठाऊक होतं. डोक्याला अजून नव्हतं. पेरिहाननं, आपल्या भावाच्या, हालितच्या पेरिहाननं, एका गुंडाच्या नावानं लोकमा वाटला. हे वाक्य मनात कितीदा जुळवलं तरी त्याचा एक पाय लंगडाच राहत होता. हालितच्या बायकोनं. ज्या हालितला त्याच्या दिव्यांच्या दुकानाच्या दारात, शटर ओढताना, वाकलेला असताना, असल्याच कुणीतरी गोळी घातली, त्याच्या बायकोनं. तीही पाठीतच होती. काल पडद्यावर बेदिर कोसळला तेव्हा ही गोष्ट मास्तरांना आठवली कशी नाही? त्या क्षणी नाही, नंतर तोंड धुताना नाही, अंथरुणावर पडल्यावरही नाही. आत्ता, रिफ्कीच्या तोंडून ‘पाठीत’ हा शब्द ऐकला तेव्हा आठवली. हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं आणि लगेच त्यांना स्वतःचाच संशय आला, की कबूल करणं सोपं वाटतंय म्हणूनच आपण करतोय, आणि या कबुलीच्या मागे आणखी काहीतरी दडवतोय.

खिशात दुसऱ्या हाताला जपमाळ लागली. काळ्या मण्यांची, चांदीच्या गोंड्याची. बेदिरच्या हातात असते तशीच, पण तशी म्हणून घेतली नव्हती. बोटांचे सांधे आखडतात, काहीतरी फिरवत राहा, असं डॉक्टर म्हणाले होते. दुकानदारानं चार माळा पुढे ठेवल्या होत्या आणि मास्तरांनी ही उचलली होती. का उचलली? दुकानदार हसला होता का? हसला असेल. या वस्तीतल्या निम्म्या पुरुषांच्या बोटांचे सांधे त्याच वर्षी आखडले होते.

काय होतं त्या माणसात? मास्तरांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला होता. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्यांचा घसा कोरडा पडायचा. फक्त नकाशासमोर उभं राहिलं की पडत नसे. बेदिर कधी आवाज चढवत नसे. जेवणाआधी हात धुवायचा, नीट, मनगटापर्यंत. म्हाताऱ्या बाईच्या हाताचं चुंबन घेतल्याशिवाय तिच्या घरात बसायचा नाही. गल्लीतल्या मांजरांना यकृताचे तुकडे टाकायचा. आणि मारायचा तो नेहमी आपल्यापेक्षा वाईट माणसाला. दर गुरुवारी त्याच्यापुढे त्याच्याहून वाईट असा कुणीतरी आणून उभा केला जायचा, आणि मास्तर मनात म्हणायचे, घाल. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला, खरं तर, हे कळायला हवं होतं. नकाशा काढताना काय दाखवायचं यापेक्षा काय गाळायचं हे आधी ठरतं. एवढा मोठा वाडा, त्या काळ्या गाड्या, ते ओव्हरकोट, यकृताचे तुकडेसुद्धा, बेदिर आणत होता कुठून? कुठल्यातरी दुकानातूनच. दर महिन्याला कुणीतरी कुणाच्यातरी काउंटरवर कोपर टेकवून उभं राहत असणार आणि गल्ला उघडत असणार. ते दुकान तीन वर्षांत एकदाही पडद्यावर आलं नाही. हालित त्या मालिकेत असता तर तो त्या न दाखवलेल्या दुकानात असता. आणि आपण कोचावर बसून, चहाचा ग्लास गुडघ्यावर ठेवून, त्याच्या मारेकऱ्याच्या मालकासाठी...

चढावरच्या दगडी जिन्याच्या वळणावर ते थांबले. खाली खाडी दुपारच्या उन्हात पत्र्यासारखी चमकत होती, समुद्रावरचा वारा नुकता सुटला होता आणि तळणाचा वास त्या वाऱ्याबरोबर त्यांच्या मागोमाग वर येत होता. त्या दिवशीही वारा होता. हालितच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्याचा दिवस. याच चढावर, थोडं खाली, दुकानासमोर कढई लावली होती. पीठ चांगलं फुगलं होतं. मास्तर स्वतः कढईशेजारी द्रोणांची चळत घेऊन उभे होते, आणि समोरच्या बाजूला एक पांढरी मोटार उभी होती. मोटारीला टेकून एक जण सूर्यफुलाच्या बिया खात होता. तो काही बोलला नाही. त्यानं कुणाला अडवलं नाही. नुसता बिया खात होता आणि सालपटं बोटांनी टिपून खिशात ठेवत होता, रस्त्यावर टाकत नव्हता. माणसं चढाच्या तोंडाशी यायची, कढई बघायची, मोटार बघायची, आणि काहीतरी विसरल्यासारखं करून मागे वळायची. रिफ्कीनं दुकानाचा पडदा ओढून घेतला. शिंपी सुईत दोरा ओवत राहिला, ओवत राहिला. वळ्या तळून निघत होत्या, पाकात पडत होत्या, परातीत ढीग होत होता आणि त्या ढिगावर वारा वाहत होता. पेरिहान काळा रुमाल बांधून दुकानाच्या पायरीवर बसली होती. ती ना मोटारीकडे बघत होती ना ढिगाकडे. ती चढाच्या तोंडाकडे बघत होती. संध्याकाळपर्यंत एक माणूस आला नाही. लोकमावाला हळूच म्हणाला, वहिनी, टाकून देऊ का? तर ती म्हणाली, मेलेल्याचं कुणी टाकतं का? मास्तरांनी आणि तिनं पराती घरी नेल्या आणि वळ्या दगडासारख्या होईपर्यंत दोघंच खात राहिली. चहात बुडवून. दालचिनीत लवंग होती.

आणि मोटारीला टेकलेला तो. तोच तर काटा होता, तिथेच तर मास्तर दरवेळी अडायचे. एक म्हातारी दोन जड पिशव्या घेऊन चढ चढत होती, तर त्यानं पुढे होऊन पिशव्या घेतल्या आणि तिला वरपर्यंत पोचवून आला. परतताना तो मास्तरांसमोर थांबला, उजवा हात छातीवर ठेवून किंचित वाकला आणि म्हणाला, “ओळखलंत का, मास्तर? सुआत. तिसऱ्या बाकावरचा. नद्या मी चांगल्या काढायचो.” खरंच चांगल्या काढायचा. निळ्या पेन्सिलीनं, उगमापाशी बारीक, मुखापाशी रुंद. आणि मास्तरांच्या तोंडून, सवयीनं, निव्वळ मास्तरकीच्या सवयीनं निघून गेलं होतं: “बरा आहेस ना, बाळ?”

तो छातीवरचा हात. बेदिर पहिल्यांदा पडद्यावर आला आणि कुणाच्यातरी दारात छातीवर हात ठेवून वाकला, तेव्हा मास्तर नकळत पुढे सरकून बसले होते. आवडीचं वाटलं होतं ते. ओळखीचं होतं, एवढंच.

गुरुवारी पेरिहानच्या मनात काय चाललेलं असायचं, हे ते आता नव्यानं तपासू लागले. मास्तरांची बायको गेल्यापासून ती दर गुरुवारी संध्याकाळी यायची. भरलेल्या ढोबळ्या मिरच्यांचं नाहीतर वालाच्या शेंगांचं पातेलं घेऊन. आपल्याला एकटं वाटू नये म्हणून येते, असं ते इतकी वर्षं समजत होते, आणि त्या समजुतीची ऊब त्यांना शुक्रवार, शनिवारपर्यंत पुरत असे. पण तिच्या घरी तर यांच्यापेक्षा मोठा टीव्ही होता. मग ती का येत होती? दारापाशच्या खुर्चीतच का बसायची, जिथून आपला चेहरा तिला दिसतो पण तिचा आपल्याला दिसत नाही? बेदिर दिसला की तिच्या विणकामाच्या सुया थांबायच्या. हे त्यांनी कानांनी टिपलं होतं: सुयांची टिकटिक थांबली की समजायचं, तो आला. एकदा, बरंच आधी, बेदिरनं एका रंगाऱ्याच्या खुनाचा बदला घेतला होता. रंगाऱ्याच्या विधवेच्या उंबऱ्यावर तो गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, ताई, उद्यापासून मान खाली घालून चालू नका. तेव्हा मागून पेरिहानचा आवाज आला होता, “असं.” एवढंच. मास्तरांनी मागे वळून पाहिलं नव्हतं. ‘असं’ म्हणजे काय? असं करायला हवं होतं? कुणी? हालितचा एकच भाऊ होता, आणि तो कोचावर बसला होता.

म्हणजे तीन वर्षं ती आपल्या घरी येऊन आपल्याच पाठीमागे बसून त्या माणसाशी आपली तुलना करत होती. आणि आता त्याच्या नावानं गल्लीला गोड खाऊ घातलं. जी गल्ली हालितच्या नावाचा एक घास खायला आली नाही, त्या गल्लीला. वरच्या जिन्यावर पोचेपर्यंत मास्तरांचं ठरलं होतं. तिनं होय म्हटलं तर गुरुवार संपला. दार उघडायचं नाही, बेल वाजली तरी उघडायचं नाही. एवढं ठरवल्यावर त्यांना बरं वाटायला हवं होतं, पण डोळ्यांसमोर दाराबाहेर झाकण ठेवलेलं पातेलं आलं आणि त्या पातेल्याच्या मागे एक लांबच लांब आठवडा, ज्याला गुरुवारच नव्हता. तिच्याशिवाय त्यांचं आता कुणीच उरलं नव्हतं. तिचंही.

दार उघडंच होतं. पेरिहान खिडकीपाशी उभी होती, गॅसवर वांगी भाजायला ठेवलेली, आणि घरभर दालचिनी.

“या, भाऊजी. धापा टाकताय केवढ्या! बसा आधी. कुणी मागे लागलंय का?”

“नाही. असाच आलो.”

“असेच तुम्ही कधी येत नाही. चहा टाकू?”

“खाली लोकमा होता,” मास्तर म्हणाले. “शिंप्याच्या दुकानापाशी.”

“हो का?”

“खाल्लास तू?”

“मी कशी खाईन? ज्यानं वाटला त्यानं रांगेत उभं राहायचं असतं का?” तिनं वांगं उलटलं. एवढ्या सरळपणे ते आलं, की चढ चढताना जुळवून आणलेलं सगळं बोलणं मास्तरांच्या घशात कोरडं झालं. त्यांनी रुमाल टेबलावर ठेवला. तो पाकानं पारदर्शक झाला होता.

“पाटीवर त्याचं नाव होतं, पेरिहान.”

“कुणाचं असणार?”

“त्या... त्या दरोडेखोराचं! खंडणी खाणाऱ्याचं! तुला लाज...” शब्द अपुरा राहिला. इतक्या वर्षांत तिच्याशी ते या आवाजात बोलले नव्हते. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. आणि त्याहून वाईट म्हणजे, थोडा बेदिरच्या शत्रूंसारखा.

पेरिहाननं गॅस बंद केला, हात पुसले, समोर येऊन बसली. तिचे डोळे सुजलेले होते. पण ती त्यांच्या रागाकडे बघतच नव्हती, जणू तो कुणा दुसऱ्याचा आला होता. पुढे वाकून, एखाद्या मुलीनं जत्रेची हकीकत विचारावी तसं तिनं विचारलं, “रांग कुठपर्यंत होती हो?”

“काय?”

“रांग. इथून खिडकीतून शिंप्याच्या कोपऱ्यापर्यंतच दिसते. त्याच्या पलीकडे होती का माणसं?”

“होती.”

“कुठपर्यंत?”

“औषधवाल्यापर्यंत.”

“औषधवाल्यापर्यंत!” तिनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर दाबलं. “रिफ्की होता?”

“होता. दोनदा घेतला त्यानं.”

“आणि तो शिंपी?”

“तो द्रोण घेऊन दुकानात गेला. मशीनवर बसून खात होता.”

“खा म्हणावं,” पेरिहान म्हणाली. “खा. तेव्हाचं राहिलंय तुमचं.” आणि ती हसू लागली. हसता हसता तिचा चेहरा मध्येच मोडला आणि ती रडत होती. पण हसण्यात आणि रडण्यात सांधा कुठे होता ते मास्तरांना दिसलं नाही.  त्यांना कळू लागलं होतं, पण कळण्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

“अहो भाऊजी, पाटी काय, पाटी रांगेसाठी,” नाक पुसत ती म्हणाली. “हालितचं नाव लावलं असतं तर आले असते का कुणी? आज? आजही आले नसते. आता भीतीनं नाही, आता लाजेनं आले नसते. मेल्यांनी पाटी बघून पुन्हा पडदे ओढले असते. म्हणून मी थांबले. तीन वर्षं थांबले की हा कधी मरतो. पेपरात वाचलं आणि सोमवारी जाऊन सांगून आले. पण पीठ मळायच्या वेळी मी तिथे गेले होते, पहाटेच. पिठाला हात लावला आणि हालितचं नाव घेतलं. नियत माझी होती. लोकमा हालितचा होता.”

“पण लोकांनी फातिहा त्याच्यासाठी म्हटली.”

“कुणासाठी?”

“बेदिरसाठी.”

“बेदिर नावाचा कुणी मेलाय का?” तिनं विचारलं. “नाही ना? मग ती फातिहा जाणार कुठे? तिला काही घरदार नको? ज्याच्या नावानं पीठ मळलं, त्याच्याकडेच जाणार. सगळ्यांच्या. औषधवाल्यापर्यंतच्या.”

मास्तरांनी डोळे मिटून सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलेली फातिहा त्यांच्या तोंडात पुन्हा फिरली. हे शक्य आहे का? मशिदीतल्या इमामाला विचारलं तर तो दाढी खाजवेल. आणि ती खरं सांगतेय कशावरून? जिन्यावर त्यांची पावलं ऐकून, रुमालातल्या वळ्या बघून, एवढ्या वेळात तिनं हे रचलं नसेल कशावरून? दारापाशच्या खुर्चीत बसून माणसाचे चेहरे वाचणारी बाई ती. तिचेही डोळे सुजलेले होते. हालितसाठी कुणी आदल्या रात्री ठरवून रडतं का?

“तू दर गुरुवारी यायचीस,” ते म्हणाले. “तुझ्याकडे टीव्ही असून.”

“एकटीनं बघायची भीती वाटायची.”

“गोळीबाराची?”

“गोळीबाराची कसली! तो आवडायला लागेल म्हणून.” ती टेबलावरच्या रुमालाची गाठ सोडवत होती, त्यांच्याकडे बघत नव्हती. “आवडायचाच. आवडत होताच हो, खोटं कशाला बोलू? त्या रंगाऱ्याच्या बायकोसमोर गुडघ्यावर बसला ना, तेव्हा मला वाटलं, उठून त्याला पाणी द्यावं. मग मी तुमच्याकडे बघायचे. तुमचं नाक हालितचं आहे. बाजूनं बघितलं की अगदी. एक डोळा त्याच्यावर, एक तुमच्या नाकावर, असं करून तीन वर्षं काढली.” आणि मग एकदम, “तुम्ही काल रडलात ते कुणासाठी?”

“थेंब घातले होते.”

“बरं,” पेरिहान म्हणाली. “मीपण थेंबच घातले होते.”

खाली लोकमावाल्यानं गाडीचं दार आपटलं. संपलं असणार सगळं, परात रिकामी. रुमालात दोन वळ्या उरल्या होत्या, गार, एकमेकींना चिकटलेल्या. तिनं त्या नखानं वेगळ्या केल्या, एक स्वतःच्या तळहातावर घेतली, एक त्यांच्या पुढे सरकवली.

“घ्या. आता नाव घेऊन खा. आधी फातिहा.”

मास्तरांनी तळवे उघडले. त्यांच्या मनात संशय अजून होता, फक्त आता तो तिच्यावरून उठून जागा शोधत होता. त्यांनी डोळे मिटले आणि हालितचा चेहरा आठवू लागले. जो चेहरा समोर आला तो बेदिरचा होता. ओव्हरकोट, काळे मणी, कपाळावरची ती एक आठी. कसा अगदी आयता, आधीच दिवे लावून ठेवल्यासारखा. मास्तर वाट पाहत राहिले, पण तो जाईना. धक्के मारून बाजूला काढता येण्यासारखा तो नव्हता, आणि मास्तरांना धक्के मारता येतही नव्हते. शेवटी त्यांनी, वर्गात बोलायचे त्या आवाजात, मनातच म्हटलं, “बाजूला हो, बाळ.” आणि तो झाला. नेहमीच्या अदबीनं, उजवा हात छातीवर ठेवून, किंचित वाकून बाजूला झाला. त्याच्या मागे दुकान होतं. शटर अर्धं वर. आत छताला टांगलेले सगळे दिवे लागलेले, रंगीत काचांचे, पितळेचे, आणि त्यांच्यावर एक दोरी हलत होती, कुणी आत्ताच दिवा पुसून गेल्यासारखी.

“म्हटलीत?” पेरिहाननं विचारलं.

“थांब,” मास्तर डोळे न उघडता म्हणाले. “दुकानात कुणी दिसत नाहीये.”

“मागच्या खोलीत असेल. वायरी शोधत.” तिचा आवाज अगदी शांत होता. “हाक मारा ना.”

मास्तरांचा घसा कोरडा होता. त्यांनी एकदा गिळलं, लवंग अजून होती, आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ते नाव त्यांनी मोठ्यानं घेतलं.

“हालित.”